नाव नसलेला आकडा

प्रोजेक्टच्या वहीचं शेवटचं पान मी कुणाला दाखवत नव्हते. त्यावर दोन रकाने होते. डावीकडे जेवणाच्या सुट्टीला लॅबमधून निघताना पडद्यावर दिसलेला आकडा, उजवीकडे परत आल्यावर दिसलेला. सोमवारी शून्य आणि दोन. मंगळवारी शून्य आणि शून्य. बुधवारी शून्य आणि तीन. मंगळवारी माझी जोडीदार कॉलेजला आलीच नव्हती. पानावर तिचं नाव मी लिहिलं नव्हतं, कारण वही तिच्या हाती लागली तर काय, ही भीती होती. पण पान तिच्याबद्दलच होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा नागपूरकडून भोपाळला आले ते मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून, आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या लहान क्वार्टरमध्ये मी वाढले. माझी जोडीदार त्याच टाउनशिपमधली, पण दुसऱ्या टोकाची. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले अधिकारी होते. त्यांच्या क्वार्टरला पुढे बाग, मागे बाग. तिचं मराठी पुस्तकात छापल्यासारखं स्वच्छ. आमच्या घरी ‘काय करून राहिली’ असंच बोलतात. एकदा ती हसून म्हणाली, “तू ‘करून राहिले’ म्हणतेस ना, ते मला फार आवडतं.” तिला खरंच आवडत होतं की ती चिडवत होती, हे मी आठवडाभर ठरवत राहिले, आणि शेवटी चिडवतच होती असं ठरवलं.

शेवटच्या वर्षी सरांनी आमची जोडी लावली ती एका वाक्यात. “दोनों मराठी हो, साथ में कर लो.”

प्रोजेक्ट लिनक्सवर होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, मला जमेल तसं सांगते. संगणक ज्या मुख्य प्रणालीवर चालतो तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्या गाभ्यात छोटे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, संगणक चालू असतानाच बसवता येतात आणि काम झालं की काढताही येतात. आमच्याकडे आठ खटके आणि आठ लहान दिवे असलेला एक बोर्ड होता. तो केबलने प्रिंटरच्या जागी जोडायचा. बोर्डाशी थेट बोलणारं मॉड्यूल मी लिहिलं. त्या मॉड्यूलचा आधार घेऊन दिव्यांचा हिशेब ठेवणारं दुसरं मॉड्यूल आणि ते चालवून बघायचा एक लहान प्रोग्रॅम तिने लिहायचा होता.

तिचं मॉड्यूल माझ्या मॉड्यूलवर उभं होतं. आधी माझं बसवल्याशिवाय तिचं बसत नसे. काढताना उलट, आधी तिचं, मग माझं. कोण कोणावर उभं आहे याची एक फाइल कर्नलसाठी तयार होते, आणि त्या फाइलीतल्या ओळीत तिचं नाव आधी, दोन टिंबांनंतर माझं, असं मी कितीतरी वेळा उघडून पाहिलं होतं. मोठ्या क्वार्टरचं लहान क्वार्टरवाचून अडतंय, हे मला गोड वाटायचं. हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं.

बसलेल्या मॉड्यूलांची यादी मागवली की प्रत्येकापुढे दोन गोष्टी दिसत. एक आकडा, आणि पुढे चौकोनी कंसात त्याच्यावर उभ्या असलेल्या मॉड्यूलांची नावं. आकडा शून्य झाल्याशिवाय आणि कंस रिकामा झाल्याशिवाय कर्नल मॉड्यूल सोडत नाही. ‘साधन कामात आहे’ एवढंच उत्तर देतो.

घोळ इथेच होता. तिचं मॉड्यूल काढलं की माझ्यापुढचा कंस रिकामा व्हायचा, पण आकडा तसाच राहायचा. दोन. तीन. नाव कुणाचंच नाही. माझं मॉड्यूल कुणीतरी धरून ठेवलं होतं आणि कोणी ते कळत नव्हतं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरच तो आकडा शून्यावर यायचा.

नाव नसलेल्या आकड्याने मी एवढी का बिथरले, त्याला कारण बाबांचा कारखाना आहे. तिथे यंत्र दुरुस्त करायचं असलं की मेन स्विच पाडून प्रत्येक जण त्यावर आपापला पत्र्याचा टॅग अडकवतो. टॅगवर त्याचं नाव आणि टोकन नंबर कोरलेला असतो. चार माणसं आत असतील तर चार टॅग. ज्याने लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि शेवटचा टॅग निघेपर्यंत स्विच वर करायचा नाही. बिनानावाचा टॅग लावणं ही बाबांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, चोरीपेक्षा वाईट गोष्ट समजत. लहानपणापासून मी हेच ऐकलं. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की नाव नाही म्हणजे कुणीतरी ते लपवलं आहे.

आणि लपवणारी समोरच होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला जात, ती लॅबमध्ये थांबायची. “तू जा, मला भूक नाही,” म्हणायची. मी परत आले की माझी चाहूल लागताच पडदा पुसून टाकायची. एकदा संगणकाला मी दिलेले हुकूम बघायचे म्हणून मागची यादी वर सरकवली, तर सुट्टीतल्या तासाभराचे हुकूम त्यात नव्हतेच. तिची एक लाल वही होती, ती मी जवळ गेले की मिटायची.

“काय करत होतीस?” मी विचारलं.

“काही नाही गं, असंच.”

“असंच म्हणजे?”

“अगं, बघत होते. तू काय पोलीस आहेस का?” ती हसली. मीही हसले. मग मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन लिहिलं.

गुरुवारी मी चार पोळ्या पिशवीत घेऊन लॅबबाहेरच्या व्हरांड्यात बसले आणि खिडकीतून बघत राहिले. ती आमच्या संगणकावर माझंच मॉड्यूल बसवत होती. पुन्हा पुन्हा काहीतरी चालवत होती, मान हलवत होती, लाल वहीत लिहीत होती. बोर्ड तिच्याजवळ नव्हता. तो सुट्टीत लॅब सांभाळणाऱ्या चाचांच्या कपाटात कुलपात असे आणि माझ्या सहीवरच बाहेर यायचा. बोर्डाशिवाय तिला माझ्या मॉड्यूलशी काय काम? सुट्टी संपली तेव्हा आकडा चार होता.

पुढच्या गुरुवारी बाहेरून परीक्षक येणार होते. मॉड्यूल बसवून, चालवून, काढून दाखवायचं होतं. ते निघालंच नाही तर माझा प्रोजेक्ट बुडणार आणि तिचं काही बिघडणार नाही, असा हिशेब मी मांडला. तो कसा मांडला ते आता मला सांगता येत नाही, कारण बुडालो असतो तर दोघी बुडालो असतो. पण तेव्हा वाटलं, तिला काय, तिचे वडील आहेत.

शनिवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. पान दाखवलं.

सरांनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. “तुम्हें यकीन है?”

“जी सर.”

“देखो बेटा, मुंहजबानी मैं कुछ नहीं करूंगा. लिखकर दो. बात सही निकली तो वो ग्रुप से बाहर, उसका प्रोजेक्ट अगले साल होगा. सोच लो.”

म्हणजे तिचं वर्ष जाणार. मी व्हरांड्यात उभी राहून अर्ज लिहिला. माझ्या हिंदीत चुका होऊ नयेत म्हणून आधी कच्चा लिहिला. ‘मुझे पूरा विश्वास है कि’ असं त्यात वाक्य होतं. ऑफिसातल्या कारकुनाने, बाबूजींनी, त्यावर शिक्का मारला, आवक रजिस्टरात नंबर टाकला. बाहेर आले तेव्हा ती जिन्यात भेटली. “सोमवारी लवकर येतेस का? मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बघते.” तिला काय विचारायचं असेल याचा मी घरी पोचेपर्यंत विचार केला. तिला कळलं असेल, एवढंच सुचलं.

रविवारी बाबा कूलरच्या गवती ताट्या बदलत होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचं ते ठरलेलं काम. घरातही ते आधी मेन स्विच पाडायचे आणि त्यावर आपला एक जुना टॅग अडकवायचे.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “घरात तीन माणसं, अन् यांना नावाचा टॅग लागते. मी काय स्विच चालू करून मारतो का तुम्हाला?”

“तुह्यावर डाउट नाही, माझ्या सवयीवर आहे,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “दोन दिवस झाले, तोंड पाडून बसून राहिली तू. काय झालं?”

मी सांगितलं. अर्जाचंसुद्धा. बाबांना संगणकातलं काही कळत नाही, म्हणून मी टॅगच्याच भाषेत सांगितलं. त्यांनी जुनी ताटी खाली ठेवली.

“तुमच्या त्या मशीनमध्ये टॅगवर नाव राहते?”

“मॉड्यूल असलं तर राहतं. कंसात दिसतं.”

“अन् येऊन काम करणारा दुसरा कोणी असला तर? तुमचा तो प्रोग्रॅम का काय?”

“त्याचं नाही. नुसता आकडा वाढतो.”

“म्हणजे स्विचवर कोरे टॅग. कोणी लपवलं नाही, तिथं कोरेच लावतात. मंग तो तिचाच आहे, हे कसं समजलं?”

“ती एकटी असते तेव्हाच वाढतो, बाबा.”

“हाव, तर तिनंच लावला असंल. काढते कोण?”

“माझं कोड. प्रोग्रॅम आला की माझं कोड एक वाढवतं, तो गेला की एक कमी करतं. तिला त्यात काही करावंच लागत नाही.”

“म्हणजे लावणं अन् काढणं दोन्ही तुह्याकडे,” बाबा म्हणाले. ते ताटीतलं गवत झटकत म्हणाले, “टॅग विसरते कोण, सांगू का? काम केलेला माणूस विसरत नाही. तो हात पुसून येते, टॅग काढते, सही करते. विसरते तो, ज्यानं टॅग लावला, पॅनल खोललं, अन् पाहते तर पार्टच नाही. स्टोअरमध्ये जातो म्हणून निघते अन् तिकडूनच चहाला. त्याला वाटते, मी तर काही केलंच नाही, काढायचं काय? अन् इकडं सेकंड शिफ्टभर मशीन बंद.”

आई म्हणाली, “तुम्हीच विसरले होते एकदा.”

“म्हणून तर माहीत आहे,” बाबा म्हणाले आणि नवी ताटी उचलली.

मी आत जाऊन कोडचे छापील कागद काढले. माझ्या मॉड्यूलमध्ये, कुठल्या प्रोग्रॅमने ते वापरायला उघडलं की पहिल्याच ओळीत मी आकडा एकने वाढवला होता. लॅबमधल्या जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्सवरून तसं शिकले होते. दुसऱ्या ओळीत बोर्ड जोडला आहे का ते तपासलं होतं. नसेल तर ‘असं साधन नाही’ असं सांगून तिथूनच परत पाठवलं होतं. आकडा कमी करणारी ओळ होती, पण ती बंद करण्याच्या भागात. जे उघडलंच नाही त्याला बंद करायला कुणी बोलावत नाही. पार्ट नाही म्हणून परतलेल्या माणसाचा टॅग मी स्विचवरच सोडला होता, दर वेळी.

आणि बोर्ड नसताना माझं मॉड्यूल उघडणारी कॉलेजात एकच व्यक्ती होती. मी कायम बोर्ड घेऊनच बसत असे. तिच्याकडे बोर्ड नव्हता, कारण चाचांच्या रजिस्टरात सही फक्त माझी होती. पहिल्याच दिवशी चाचांनी विचारलं होतं, “दोनों के नाम लिख दूं?” आणि मी म्हणाले होते, “सिर्फ मेरा.” तिने बोर्ड मोडला तर भरपाई आम्हाला परवडणार नाही, असं स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण एवढंच नव्हतं.

तरीही पूर्ण विश्वास बसला नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले. बोर्डाची केबल न जोडता तिचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने तीनदा चालवला. तीनदा ‘असं साधन नाही’. यादी मागवली. आकडा तीन.

ती आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिने पडदा बघितला, आकडा बघितला.

“हे तुझ्याकडेपण होतं?” ती म्हणाली. “मला वाटलं माझ्याच हातून होतंय. मी तुला तेच विचारणार होते आज.”

“सुट्टीत तू काय करायचीस?”

तिने लाल वही उघडून माझ्यापुढे ठेवली. माझं सगळं मॉड्यूल तिने हाताने उतरवून काढलं होतं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, ‘इथे वाढवते’, ‘इथे तपासते’. काही ओळींपुढे नुसती प्रश्नचिन्हं होती.

“मला कळतच नव्हतं गं काही. सगळ्यांना वाटतं मला येत असेल. परीक्षकांनी तुझ्या भागाबद्दल विचारलं तर काय सांगू, म्हणून पाठ करत होते. तू आलीस की पुसून टाकायचे. मागचे हुकूमसुद्धा. लाज वाटायची.” मग पान उलटत, “आणि बोर्ड तर तू देत नव्हतीस. मला वाटायचं, परीक्षकांसमोर मी उघडी पडावी म्हणून तू मुद्दाम सही एकटीची ठेवली आहेस.”

मी तिला कोडमधली चूक दाखवली. ती वाकून बघत होती. मग मी अर्जाचं सांगितलं. ते सांगायला मला चूक दाखवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ती हळूहळू सरळ झाली.

“लिहून दिलंस?”

“हो.”

“शनिवारी? मला जिन्यात भेटलीस त्याच्या आधी की नंतर?”

“आधी.”

लाल वही मिटून तिने पिशवीत ठेवली.

मी ऑफिसात गेले. बाबूजींना म्हटलं, अर्ज परत द्या. त्यांनी रजिस्टर उघडून नंबरावर बोट ठेवलं. “चढ़ गया, बिटिया. चढ़ा हुआ कागज उतरता नहीं. दूसरा लिख दो, इसी के ऊपर टांक देंगे.” मी दुसरा लिहिला. चूक कुठल्या ओळीत आहे, ती कुणाची आहे, बोर्ड माझ्याच सहीवर का होता, सगळं. या वेळी कच्चा लिहिला नाही.

दुपारी सरांनी दोघींना बोलावलं. दोन्ही अर्ज एका टाचणीत होते. त्यांनी ते मोठ्याने वाचले, आधी पहिला, मग दुसरा. ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

“इसमें लिखा है, मुझे पूरा विश्वास है,” सर म्हणाले. कागद उलटला. “इसमें भी वही लिखा है. कौन सा मानूं?”

मी म्हटलं, “सर, दूसरा करके देखा है.”

त्यांनी दोन्ही कागद खाली ठेवले. “ठीक है. गुरुवार को दोनों साथ बैठोगी. वहां साफ निकला तो दोनों कागज फाइल में बंद. नहीं निकला, तो पहला वाला फिर खोलूंगा.”

म्हणजे तिचं वर्ष अजून टांगलेलंच होतं, आणि आता ते माझ्या एका ओळीवर. लॅबमध्ये येऊन मी तिला म्हटलं, “ती ओळ तू टाक.” ती म्हणाली, “नाही. तुझी आहे, तूच टाक.” मी टाकली. परत पाठवण्याआधी आकडा एकने कमी. तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मी तिला एकेक ओळ समजावली, तिने प्रश्नचिन्हं खोडली. दुसरं काही नाही.

गुरुवारी सकाळी चाचांनी रजिस्टर पुढे केलं. मी सही केली आणि रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. तिने माझ्या नावाखाली नाव लिहिलं, पेन खिशात ठेवलं.

परीक्षक वयस्क होते, कंटाळलेले. दिवे लागले, खटके चालले. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात ती उठली आणि मला न विचारता बोर्डाची केबल उपटली.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ती सूड घेते आहे, तेही सर समोर असताना. अजूनही ते आठवलं की मला स्वतःची भीती वाटते. एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या मनात पहिलं तेच आलं.

“सर, बोर्ड नहीं होगा तो क्या होगा, ये भी देख लीजिए,” ती म्हणाली. प्रोग्रॅम चालवला. ‘असं साधन नाही.’ पुन्हा चालवला. पाच वेळा चालवला. मग यादी मागवली. माझ्या नावापुढे आकडा शून्य. तिने आपलं मॉड्यूल काढलं, मग माझं. पुन्हा यादी मागवली, तर दोन्ही नव्हती. परीक्षकांनी पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं की हे सुचलं कुणाला. ती म्हणाली, “हम दोनों को.”

सर आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. ती केबल गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “लिही आता तुझ्या त्या मागच्या पानावर.”

तिला ते पान केव्हापासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. वही काढली, शेवटचं पान उघडलं. लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून तिच्याकडेच पेन मागितलं.